तो आपला नव्हे, असं लिहून देऊ नकोस

देवगड

चि. बाय हिस,


तुझ्या दिराचा मुलगा इतक्या वर्षांनी मुंबईहून उगवतो आणि पडेलच्या आंब्याच्या कलमांत हिस्सा मागतो, याचा तुला संताप येणारच. नवरा गेल्यावर लहान पोर घेऊन ती बाग तू राखलीस. मोहोरावरची फवारणी, रात्रीची राखण, पेट्या भरणं, दलालाकडून पट्टी वसूल करणं, यातल्या कशालाही त्याचा हात लागला नाही. तरीही वारसाच्या प्रतिज्ञापत्रावर ‘दुसरा वारस नाही’ म्हणून सही करू नकोस.

महाराणी ताराबाई शिकवताना रक्ताचं नातं नाकारण्याच्या याच मुद्द्यावर मी दरवर्षी अडखळत असे. हंबीरराव मोहित्यांची ही लेक. सोयराबाई त्यांची आत्या आणि सासूही. 1700 साली सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीच्या, मुलगा शिवाजी चार वर्षांचाही पुरता नव्हता. त्याच्या नावाने त्यांनी सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. आज सातबाऱ्यावर लेकाच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून तुझं नाव आहे ना, तसाच तो कारभार. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

मग 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. सावत्र दिराचा मुलगा. ताराबाईंची बाजू लंगडी नव्हती: थोरल्या दिरांचं राज्य बुडालं, नंतर उभं राहिलं ते माझ्या नवऱ्याने आणि मी राखलेलं, असं त्यांचं म्हणणं. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आलेला तोतया आहे असं म्हटलं, सरदारांना दूधभाताची शपथ घ्यायला लावली. धनाजी जाधवांची खात्री पटली की हा खरा शाहू, आणि खेडच्या लढाईत ते तिकडे गेले. खोट्या मुद्द्यापायी खरा मुद्दाही वाया गेला.

पुढचं जास्त जिव्हारी लागतं. 1714 मध्ये सवतीच्या मुलाने, संभाजीने, त्यांना मुलासह पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. मुलगा कैदेतच वारला. शाहू महाराजांना वारस मुलगा नव्हता, तेव्हा लपवून वाढवलेला माझा नातू आहे असं ताराबाईंनीच सांगितलं, आणि रामराजा छत्रपती झाला. तो आपल्या सांगण्याबाहेर जातो म्हणताच 1750 मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवलं, आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली की हा माझा नातू नव्हे. सत्तरी ओलांडलेल्या आजीने, बाय! नातू खरा होता की नव्हता, यावर लोक अजून वाद घालतात. मला वाटतं, त्या शपथेने तुटलेलं नातं पुन्हा सांधायला त्यांच्याजवळ फारसं आयुष्य उरलं नव्हतं. 1761 मध्ये त्या गेल्या.

तुझं पोर उद्या या भावाबरोबर एकाच गणपतीपुढे बसणार आहे. वाडीत त्या पुतण्याच्या बापाला ओळखणारे म्हातारे अजून आहेत, तेव्हा ते प्रतिज्ञापत्र टिकणारही नाही. भांड, पण तुझ्या कष्टांवरून भांड. खताचा, औषधाचा, गडग्याच्या दुरुस्तीचा, गड्यांच्या मजुरीचा हिशेब वर्षवार मांड, आणि हिश्श्याआधी त्यातला त्याचा वाटा माग. नवीन कलमं तू लावलीस, ती वेगळी दाखव. मोजणी झाल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नको.

तलाठ्याकडे जायच्या आधी वह्या घेऊन माझ्याकडे ये. तुझ्या पुतण्यालाही बोलावते.

तुझी,
मावशी