शुद्धीनंतरचा गंज



देवघरातील उपकरणी ज्या हौसेने उजळावीत, त्याच हौसेने गेल्या वैशाखात आम्ही आमच्या तीर्थरूपांची जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार उजळावयास घेतली. दृष्टी मंदावल्यामुळे २००८ साली त्यांनी ती अंगणातील पत्र्याखाली उभी केली होती. त्यापूर्वी यजमानांच्या घरची कितीतरी कार्ये त्यांनी याच गाडीने जाऊन पार पाडली. "एकदा तिच्यातूनच देवळापर्यंत ने," एवढीच त्यांची इच्छा होती.

दोन दिवसांत बाह्यांग आरशासारखे लखलखले. नवी बॅटरी बसविली, टाकीत ताजे पेट्रोल ओतले आणि गाडी सुरूही झाली. परंतु गल्लीच्या वळणावर आचके देऊन ती जी थांबली, ती थांबलीच. सोवळे नेसलेले तीर्थरूप भर उन्हात आमचा हात धरून अनवाणी परतले. एक शब्दही बोलले नाहीत.

टाकी उतरविली, तेव्हा कारण कळले. अर्धी रिकामी राहिलेली टाकी दिवसा तापते, रात्री निवते. आत शिरलेल्या हवेतील ओल वरच्या पत्र्यावर धरते आणि तेथे गंज चढतो. तळाचे जुने पेट्रोल लाखेसारखे चिकट झाले होते. आम्ही वरून ओतलेल्या नव्या पेट्रोलाने तो सारा मळ सैल होऊन फिल्टरात व कार्ब्युरेटरात जाऊन बसला.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण आतील वाफ हवेत मिसळली की एक ठिणगीही पुरते. म्हणून सर्व काम उघड्यावर केले. दिवा, विडी, झाळकाम यांना जवळ येऊ दिले नाही. पेट्रोलमापकाचा तरंगता गोळा काढून टाकी साबणाच्या पाण्याने धुतली, आत लोखंडी साखळी घालून दोघांनी ती घुसळली, मग कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड विरघळवून रात्रभर भरून ठेवले. सकाळी काळेकुट्ट पाणी निघाले. सोड्याच्या पाण्याने राहिलेले आम्ल मारले, स्वच्छ पाण्याने खळखळविले. आत पाहतो तो रुपेरी पत्रा! त्या आनंदात टाकी तशीच ओली, तोंड उघडे, अंगणात ठेवून आम्ही आरतीस गेलो.

दुसऱ्या दिवशी आत पुन्हा तांबूस थर. उघड्या पडलेल्या लोखंडास ओल आणि हवा मिळाली की काही तासांतच ते गंजू लागते. तीर्थरूपांनी तोंडातून बोट घालून ती पूड अंगठ्याने चोळली व म्हणाले, "चिंचेने घासलेला तांब्या ओला ठेवू नये, हे तुला मुंजीच्या वर्षीच सांगितले होते."

वाचकहो, त्या वाक्याने आम्ही खजील झालो, ते केवळ टाकीपुरते नव्हे. त्यांच्यामागे नित्यपूजा आमच्याकडे आली आहे. उपकरणी चकचकीत असतात, मंत्र बिनचूक असतात, आणि गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडताच आमचा हात मोबाइलकडे जातो. स्नानाने, उपवासाने घासलेले मन आम्ही असेच रिकामे आणि उघडे टाकतो. जो व्रत करीत नाही त्याच्यावर निदान जुन्या थराचे आवरण तरी असते. उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी गंज अधिक वेगाने चढतो, हा आमचा तरी अनुभव आहे.

पुन्हा सारे पहिल्यापासून केले. या वेळी धुणे संपताच गरम हवेने टाकी कोरडी केली, थोडे तेल मिसळलेले पेट्रोल आत सर्व बाजूंनी फिरविले आणि लगेच काठोकाठ भरून झाकण लावले. फिल्टर नवा घातला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओल ओढते व जुन्या रबरास मानवत नाही. म्हणून नळ्याही बदलल्या.

एकादशीस तीर्थरूप पुढच्या आसनावर बसले. वळण आले तेव्हा त्यांनी दाराची मूठ घट्ट धरलेली आम्ही पाहिली, वळण गेले. देवळातून परतताना ते एवढेच म्हणाले, "घरी उभी करण्याआधी टाकी पुन्हा भरून घे."