फडावरचा हिशोब

सेनगाव तालुक्यातल्या एका गावात दसरा झाला की घरोघरी एकच लगबग सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्चून गेलेली असते. ती फेडायला पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. भांडीकुंडी, पिठाचा डबा, कोंबड्या आणि लेकरं ट्रकात चढतात ती गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलातच गावी उतरतात. तोवर शाळेचं अर्धंअधिक वर्ष सरलेलं असतं.

असाच एक कोयता निघायच्या बेतात होता. थोरला मुलगा चौथीत, धाकटी अंगणवाडीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी घरी आले. हंगामी वसतिगृहासाठी नावं नोंदवायची होती. आईबाप तोडीला गेले तरी लेकरानं गावातच आजीजवळ राहायचं, शाळा चुकवायची नाही आणि जेवणाचं शाळा व्यवस्थापन समितीनं बघायचं, अशी ती सोय.

बापानं मान हलवली. “त्याला ठेवून काय करू, गुरुजी? तुम्हीच म्हणलात, गणितात कच्चा आहे. फडावर निदान कामाला तरी येतो.”

“एवढंसं पोर काय काम करतं?”

“मोळ्यांचा हिशोब ठेवतो. कोणत्या खेपेला आपल्या किती मोळ्या गेल्या, सगळं त्याच्या डोक्यात. मला कुठं जमतं ते? गेल्या साली एकदा बी चुकला नाही.”

गुरुजींनी पोराकडं पाहिलं. वर्गात तो मागच्या रांगेत बसायचा, फळ्याकडं बोलावलं की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचा. गुरुजींनी पाटी मागितली, तिच्यावर ४५ गुणिले ६ असं मांडलं आणि पुढं केली. पोरगं खाली बघत राहिलं.

“पाहिलंत?” बाप म्हणाला. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, पोराकडं वळून म्हणाला, “बरं, एका खेपेला पंचेचाळीस मोळ्या टाकल्या. सहा खेपा झाल्या. मुकादमाला किती सांगशील?”

“दोनशे सत्तर.” उत्तर लगेच आलं.

“कसं रे?” गुरुजींनी विचारलं.

“दोन खेपा नव्वद. असं तीन डाव.”

अंगणात कुणीच काही बोललं नाही. बापाला कळेना, गुरुजी पाटी हातात घेऊन असे का बसलेत. गुरुजींनी त्याला जवळ बोलावलं. “तुम्ही आत्ता जे विचारलंत ना, तेच इथं लिहिलंय. जसंच्या तसं. दोन वर्षं हा माझ्यासमोर बसतो. मला वर्गातला पोरगा ठाऊक होता, तुम्हाला फडावरचा. आपण एकदाही एका जागी बसलो नाही, म्हणून अख्खा पोरगा दोघांनाही दिसला नाही.”

आजी चुलीपाशी ऐकत होती. तिचं माहेर संत नामदेवांचं नरसी. ती म्हणाली, “अरे, नामदेवाच्या हातचा नैवेद्य खुद्द देवानं खाल्ला म्हणतात. गोणाईनं, दामाशेटीनं तसं वळणच लावलं होतं लेकराला. तरी औंढ्याला विसोबा खेचरापाशी जावंच लागलं. घरचं घरानं द्यावं, गुरूचं गुरूनं. ठेव त्याला.”

पोरगा राहिला. मात्र गुरुजींनी बापाला मोकळं सोडलं नाही. दर रविवारी रात्री बापानं कोपीवरून, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतून, फोन करायचा आणि आठवड्याच्या मोळ्या सांगायच्या. पोरानं त्या वहीत लिहायच्या, बेरीज करायची. “अडला तर उत्तर सांगू नका,” गुरुजींनी बजावलं, “थांबा.”

थांबणं बापाला जड गेलं. दिवसभर कोयता चालवून अंग मोडलेलं, झोपायची घाई. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. पण तो थांबला. गुरुजी सोमवारी तीच वही उघडायचे आणि हातचा, गुणाकार, भागाकार मोळ्यांवरूनच शिकवायचे. मध्येच पोरगा पाढ्यांवर अडला. गुरुजींनी फोन केला, तर आई म्हणाली, “त्याला एका जागी बसवू नका, गुरुजी. चालता चालता सांगा. मी रॉकेलच्या दुकानापासून घरापर्यंत गाणं शिकवायची त्याला.” गुरुजींनी त्याला शाळेच्या मैदानात आपल्यासोबत फेऱ्या मारायला लावलं आणि पाढे पाठ झाले.

घर आणि शाळेनं असं एका जागी बसायची सोय कायद्यातही आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्यात, असं त्यात लिहिलं आहे. फार शहाणपणानं लिहिलं आहे ते. पण बैठकीची वही घरोघर फिरवून सह्या-अंगठे गोळा केले की बैठक झाली असं मानलं, तर लेकराविषयीचा एक शब्दही इकडून तिकडं जात नाही. आपली लेकरं मागं पडतात त्याचं खापर गरिबीवर फोडणं सोपं आहे, आणि गरिबी खरीच आहे. पण त्या अंगणात पाटी पुढं आली तेव्हा गरिबी होतीच की.

एप्रिलात ट्रक गावात आला. पोरानं वही बापापुढं ठेवली. बाप तीच घेऊन मुकादमाकडं उचलीचा हिशोब करायला गेला आणि पहिल्यांदाच ओळ न् ओळ विचारून घेऊन आला.

पुढं शाळेत समितीची बैठक भरली. आई पदर सावरत पुढं येऊन बसली. धाकटीचं नाव पहिलीत घालायचं होतं. गुरुजींनी जन्मतारीख विचारली.

“तारीख सांगते,” ती म्हणाली, “पण आधी हे लिहून घ्या. ती डावऱ्या हातानं रेघा ओढते, तिला रागवायचं नाही. अंधाराला भिते. वासरांची नावं ठेवते आणि कोणतं कोणाचं, विसरत नाही. गोष्ट सांगितली की मधेच थांबवून ‘काहून?’ विचारते. आणि गुरुजी, वर्गात तुम्हाला जे दिसंल, ते मला फोनवर सांगायचं. दर रविवारी. मी कोपीवर असले तरी.”