पाच दिवसांचे शिक्षक

जून महिन्यात शाळांना सुटी लागली की अमेरिकेतल्या कॅथलिक धर्मग्रामांमध्ये मुलांच्या उन्हाळी बायबल वर्गाची लगबग सुरू होते. चर्चच्या सभागृहात पुठ्ठ्याचे डोंगर आणि कागदी लाटा उभ्या राहतात. साधारण आठवडाभर, रोज सकाळचे दोन-तीन तास मुले हातवारे करीत गाणी म्हणतात, बायबलमधली एक गोष्ट ऐकतात, कातरकाम करतात आणि खाऊ खाऊन घरी जातात. हे सारे उभे करणारी माणसे बहुतेक विनामोबदला राबणारी असतात: लहान मुलांच्या आया, निवृत्त शिक्षिका, कामावरून रजा काढून आलेले वडील, नुकताच दृढीकरणाचा संस्कार घेतलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली. त्यांचे आभार मानले जातात ते बहुधा 'मदतीबद्दल'. हे आभार अपुरे आहेत, असे मला वाटते. हे स्वयंसेवक मदतनीस नसून शिक्षक आहेत. वर्गाचे यशापयश सजावटीवर किंवा विकत आणलेल्या साहित्यसंचावर ठरत नाही, ते त्यांच्यावर ठरते. म्हणूनच शिक्षक म्हणून त्यांची तयारी करून घेणे हे धर्मग्रामाचे कर्तव्य आहे.

या वर्गांचा इतिहासही हेच सांगतो. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात एलायझा हॉज या बाप्टिस्ट बाईंनी, सुटीत रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी चक्क एक दारूचा गुत्ता भाड्याने घेऊन बायबलचा वर्ग भरवला. पुढच्या काही वर्षांत ही कल्पना प्रॉटेस्टंट चर्चमध्ये सर्वत्र पसरली. कॅथलिकांमध्ये तिला आकार दिला तो एडविन ओहारा या धर्मगुरूंनी. ऑरेगॉन राज्याच्या ग्रामीण भागात कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली होती. त्यांच्या मुलांना कॅथलिक शाळा परवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जवळपास शाळाच नव्हती. १९२१ मध्ये ओहारांनी तिथे सुटीतले धर्मशिक्षण वर्ग सुरू केले. पुढे मोन्टाना राज्यातल्या ग्रेट फॉल्सचे बिशप झाल्यावर त्यांनी सामान्य प्रापंचिकांनी चालवायच्या धर्मशिक्षणाची चळवळ देशभर नेली. तिला आधार होता पोप दहावे पायस यांच्या १९०५ च्या परिपत्रकाचा. धर्मगुरूंना सर्वत्र पुरे पडणे शक्य नाही, म्हणून प्रत्येक धर्मग्रामात धर्मशिक्षणासाठी मंडळ असावे आणि त्यात प्रापंचिकांनी हातभार लावावा, अशी आज्ञा त्यांनी केली होती. जिथे शिक्षक नव्हते तिथे शेजारीपाजारी शिक्षक झाले, आणि त्यातून हे वर्ग जन्माला आले.

शिक्षकांची ती उणीव आज अधिक मोठी झाली आहे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत १ लाख ८० हजारांच्या आसपास धर्मभगिनी होत्या. आज त्या ४० हजारांहूनही कमी आहेत. त्या काळी कॅथलिक शाळांत ५० लाखांवर मुले शिकत होती, आता ती संख्या १७ लाखांच्या आसपास उरली आहे. वर्गात रोज प्रार्थना सांगणारी, संतांच्या गोष्टी सांगणारी सिस्टर बहुसंख्य कॅथलिक मुलांच्या आयुष्यात आता नाही. आठवड्यातून एकदा तासभराचा धर्मशिक्षण वर्ग आणि उन्हाळ्यातले हे थोडे दिवस एवढाच काय तो चर्चशी संबंध. अशा स्थितीत गोष्ट सांगायला मुलांसमोर बसलेली शेजारची बाई ही कुणाची बदली म्हणून आलेली नसते. त्या मुलांच्या वाट्याला आलेली शिक्षिका तीच असते. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रापंचिक धर्मशिक्षकाचे पद चर्चची अधिकृत सेवा म्हणून प्रस्थापित केले. उन्हाळी वर्गातला प्रत्येक स्वयंसेवक त्या पदावर असतो असे नाही, पण चर्च कोणत्या दिशेने विचार करीत आहे हे त्यावरून स्पष्ट दिसते.

स्वयंसेवकाचे काम नेमके कुठे सुरू होते, हे एका गोष्टीवरून पाहता येईल. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची कथा या वर्गांत हमखास सांगितली जाते. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू गाठतात, मारहाण करून अर्धमेला टाकतात. याजक येतो आणि बाजूने निघून जातो. मंदिराची सेवा करणारा लेवीही तसाच जातो. ज्याच्या जमातीला यहुदी तुच्छ मानत तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि वर म्हणतो की अधिक खर्च झाला तर परत येताना भागवीन. साहित्यसंचात या गोष्टीचे रंगीत चित्र असते, गाणे असते, चिकटवायला मलमपट्टीचा कागदही असतो. पण सात वर्षांचे मूल जेव्हा विचारते, "देवाचं काम करणारा माणूस का थांबला नाही?" तेव्हा संच मुका होतो. तिथे बसलेल्या माणसाला उत्तर द्यावे लागते. भीती वाटली असेल, घाई असेल, आपले काम नव्हे असे वाटले असेल, आणि मोठी माणसेही असेच चुकतात, हे कबूल करावे लागते. त्या क्षणी मुलाला धर्म कळतो तो एका प्रौढाच्या प्रामाणिकपणातून. हा प्रश्न "आधी चित्र रंगव" म्हणून टाळला गेला, तर मूल वेगळाच धडा शिकून जाते: इथे प्रश्न विचारायचे नसतात.

यावर पहिला आक्षेप असा की पाच दिवसांच्या नाचगाण्याने श्रद्धा रुजत नाही, हा केवळ करमणुकीचा कार्यक्रम आहे आणि पालकांसाठी मुले सांभाळण्याची फुकट सोय आहे. आक्षेपात तथ्य आहे. उरलेले ५१ आठवडे घरात प्रार्थना नसेल तर एक आठवडा काय करणार? चर्चचा कायदाही मुलांना श्रद्धेचे वळण लावण्याची जबाबदारी सर्वांत आधी पालकांवर टाकतो. पण यावरून निष्कर्ष निघतो तो स्वयंसेवकाचे महत्त्व वाढवणारा. कार्यक्रम पाच दिवसांत संपतो, माणूस मात्र त्याच वस्तीत राहतो. जिने गोष्ट सांगितली ती बाई पुढच्या रविवारी मिस्साला दिसते, दुकानात भेटते, मुलाला नावाने हाक मारते. आईवडिलांखेरीज आणखी एक मोठे माणूस हे सगळे खरे मानते आणि तसे जगायची धडपड करते, हे मुलाला कळते. भाड्याने आणलेला कुशल कलाकार अधिक रंजक गोष्ट सांगेल, पण तो रविवारी तिथे नसेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला नाही ते मुलांना काहीबाही शिकवतील. शिवाय बाजारातले बरेच साहित्य मुळात प्रॉटेस्टंट प्रकाशकांचे, त्यात ख्रिस्तप्रसाद, मरियामाता, संत यांना जागा नसते. हा धोका आहेच. पण त्यावर उपाय स्वयंसेवकाला गप्प बसवणे हा नाही, त्याला शिकवणे हा आहे. गोष्टीतून श्रद्धा सांगणे ही परक्यांकडून उसनी घेतलेली रीतही नव्हे. मराठी वाचकाला याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोलला छापलेले 'क्रिस्तपुराण' जवळजवळ ११ हजार ओव्यांमध्ये बायबलची कथाच सांगते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' आजच्या वाचकाला कळेल अशा मराठीत आणले. वसईच्या धर्मग्रामांत मे महिन्यात मुलांची शिबिरे भरतात, तेव्हा तिथल्या ताई-दादांच्या हाती हा वारसा असतो. तो त्यांनी आधी स्वतः वाचलेला असावा, एवढीच अपेक्षा. शिबिरापूर्वी धर्मगुरूंनी किंवा सिस्टरनी स्वयंसेवकांसोबत बसून पाचही गोष्टी मूळ ग्रंथातून वाचल्या, मुले काय विचारतील यावर चर्चा केली आणि 'मला माहीत नाही, विचारून सांगते' असे म्हणायला त्यांना मोकळीक दिली, तर चुका बऱ्याच टळतील. आज या बैठकीचा वेळ बहुधा टी-शर्टचा रंग आणि खाऊची यादी ठरवण्यात जातो.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि त्याबाबत चर्चला बचावात्मक बोलण्याचा अधिकार नाही. २००२ मध्ये बॉस्टनमधील धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची आणि ती दडपल्याची प्रकरणे उजेडात आल्यावर अमेरिकी बिशपांनी त्याच वर्षी बालसंरक्षणाची सनद स्वीकारली. मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे आणि त्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देणे तेव्हापासून आवश्यक झाले. चांगल्या मनाने मदतीला आलेल्यांना हे जाचक वाटते, संशय घेतल्यासारखे वाटते. तसे वाटून घेऊ नये. ज्याच्या हाती मुले सोपवायची त्याच्याकडून हिशेब मागणे हा त्याच्या कामाचा मानच आहे. क्षुल्लक कामाची कुणी तपासणी करीत नाही. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. कोणत्याही धर्माच्या शिबिरात एकटा प्रौढ एकट्या मुलासोबत बंद खोलीत नसावा, हा नियम भिंतीवर लिहून पाळला गेला पाहिजे.

शेवटचा आक्षेप चर्चबाहेरून येतो: कोवळ्या वयात श्रद्धा शिकवणे म्हणजे मुलांच्या मनावर आक्रमण नव्हे काय? हा प्रश्न कीर्तनाला, मदरशाला, संस्कारवर्गाला, ध्येयवादी युवक शिबिरालाही तितकाच लागू आहे, म्हणून तो झटकून चालणार नाही. मूल कुठल्याच मूल्यांशिवाय वाढत नाही. आपण काही शिकवले नाही तर जाहिराती आणि मोबाइलचा पडदा शिकवतोच. प्रश्न शिकवावे की नाही हा नसून कसे शिकवावे हा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात श्रद्धेबाबतची बळजबरी स्पष्ट शब्दांत नाकारली. लहानांच्या वर्गात या तत्त्वाचा अर्थ साधा आहे: नरकाची भीती घालायची नाही, मित्राच्या धर्माची निंदा करायची नाही, प्रश्नाला रागे भरायचे नाही. जिच्या हृदयस्थानी एका तुच्छ मानलेल्या परक्याची करुणा आहे, ती शोमरोन्याची कथा सांगताना दुसऱ्याचा तिरस्कार शिकवणे हा त्या कथेचाच पराभव ठरेल. कोणत्याही छापील पाठापेक्षा हे भान शिकवणाऱ्याच्या स्वभावात असावे लागते, आणि पुन्हा आपण माणसाकडेच येतो.

म्हणून धर्मग्रामांच्या चालकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या शिबिराचा खर्च मांडताना सजावटीच्या आधी स्वयंसेवकांच्या तयारीची रक्कम आणि दिवस लिहा. पंधरा वर्षांच्या मुलीला फक्त रांगा लावायला ठेवू नका. तिला एक गोष्ट नीट शिकवा आणि ती लहानांना सांगू द्या. आणि जे दरवर्षी 'मला काय येतं' म्हणून मागे राहतात त्यांनाही सांगायचे आहे: मुलांसमोर बसायला पांडित्य लागत नाही, तयारी लागते, सचोटी लागते आणि आठवडा उलटल्यावरही त्या मुलांना ओळख देण्याची इच्छा लागते. एवढे असेल तर नाव नोंदवा. शिक्षकांची गरज आहे.