रात्री भिजत काय घातलंस?

आगाशी,
मार्गशीर्ष

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

महिनाअखेरीस फोनमधल्या ॲपने बाहेरून मागवलेल्या जेवणाचा आकडा दाखवला आणि तुझे डोळे पांढरे झाले, हे तू हसत सांगितलंस खरं, पण त्या हसण्यात दम नव्हता. घराचा हप्ता, दोघांचे रेल्वेचे पास, मुलांची फी, यांच्या पंगतीत आता हा आणखी एक न बोलावलेला पाहुणा येऊन बसला आहे. त्यावर तू म्हणालास, "आत्या, चार सोप्या, स्वस्त रेसिपी लिहून पाठव ना."

रेसिपींचा तुला तोटा नाही रे. तुझा फोन त्यांनी भरलेला आहे आणि सूनबाई तर त्या झोपण्यापूर्वी बघत असते. तुझी अडचण वेगळी आहे. रात्री नऊ-साडेनऊला विरारला गर्दीतून उतरलेल्या माणसाला 'आज काय करायचं?' या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही. कोणालाच सुचत नाही. म्हणून तो प्रश्न त्या वेळी विचारायचाच नाही. आदल्या रात्री ताटं उचलताना एकमेकांना एवढंच विचारायचं, की भिजत काय घातलं?

मूग, मटकी, चवळी, मसूर आणि हरभरे यांचे डबे ओट्यासमोर हाताला येतील असे ठेव. वरच्या माळ्यावर गेलेलं धान्य पोरकिड्यांच्या वाट्याला येतं. झोपण्यापूर्वी वाटीभर मूग धुऊन भरपूर पाण्यात टाक. सकाळी निघताना पाणी काढून ते चाळणीत पसर, वर ओलं फडकं घाल, खाली ताटली ठेव. रात्री दार उघडशील तेव्हा बारीक मोड डोकावत असतात. वाटीभर कोरड्या मुगाचे अडीच-तीन वाट्या मोड होतात, म्हणजे चौघांची एका वेळची उसळ झाली. तिला शिट्टीही लागत नाही. कढईत फोडणीवर परतून झाकणावर पाणी ठेवलं की दहा-बारा मिनिटांत काम होतं. सध्या थंडी आहे, मोड उशिरा येतील, तेव्हा चाळणी बंद डब्यात ठेव. एप्रिल-मेमध्ये आपल्या दमट हवेत उलटं होतं, दुपारपर्यंत वास येऊ लागतो. तेव्हा फडकं घट्ट पिळून घे. हरभरा, छोले, राजमा यांना मोड आणायच्या नादी लागू नकोस, रात्री भिजवून सकाळी सरळ कुकरला लाव. राजमा मात्र अगदी मऊ शिजू दे, अर्धाकच्चा राहिला तर बाधतो.

वालाचं बिरडं रविवारचं. भिजवणं, मोड आणणं, पुन्हा कोमट पाण्यात टाकून सोलणं, यात दोन दिवस जातात. सोलायला मुलांना बसव. बोटाच्या चिमटीतून डाळिंबी सटकन उडते ना, त्यात त्यांचा तासभर कसा जातो कळत नाही. थोडे वाल पंख्यावर जातील, जाऊ देत.

आता यातली खरी गोम सांगते. घरी मूग मोडावर आलेत हे माहीत असलं की अंधेरीला गाडीत चढल्या चढल्या बोट ॲपकडे वळत नाही. मोड टाकून द्यायला जीव धजत नाही, म्हणून माणूस घरी येऊन शिजवतो. इच्छाशक्ती, शिस्त असल्या मोठ्या शब्दांवर माझा भरवसा नाही, भिजलेल्या धान्यावर आहे.

दुसरी गोष्ट तुला एकट्याला सांगायची आहे. आपल्या विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात मेथी खुडायची, मटार सोलायचे, ही जुनी रीत. लोक तिचं कौतुक करतात, फोटोसुद्धा काढतात. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईला चौथी सीट मिळाली, तर तिने त्यावर टेकून डोळे मिटावेत. मेथी तू निवड. तुमच्या डब्यात पत्ते कुटले जातात, भजनं होतात, मग मेथीच्या दोन जुड्यांना कोणाची हरकत असायची? आणि तिथे लाज वाटत असेल तर घरी टीव्हीपुढे निवड, पण निवड.

रविवारी सकाळी एकच मोठं काम करायचं, ते म्हणजे वाटण. चार-पाच कांदे उभे चिरून तेलावर चांगले काळसर होईपर्यंत परतायचे, किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजायचं, त्यात लसूण-आलं घालून अगदी कमी पाण्यात वाटायचं. याचे छोटे गोळे करून फ्रीझरमध्ये टाक. एक गोळा म्हणजे एक रस्सा. सोमवारी त्यात मटकी जाते, बुधवारी उकडलेली अंडी, शुक्रवारी बटाटा-वांगं. मुलांना रोज वेगळं खाल्ल्यासारखं वाटतं आणि तुला मिक्सर आठवड्यातून एकदाच धुवावा लागतो. भांडी घासायचं गणित तुम्ही तरुण मंडळी धरत नाही. तुमच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर येतो ना? मग डाळ, भात आणि बटाटे कुकरच्या तीन भांड्यांत एकदमच शिजवायचे, आणि त्याच भांड्यांतून वाढायचे.

वाटण जास्त करून ठेवायचा मोह आवर. वीज दुपारी बराच वेळ गेली की फ्रीझरमधलं सुटायला लागतं, आणि तुम्ही दोघं तेव्हा मुंबईत असता.

सकाळच्या डब्याला पोळ्या जमत नसतील तर घावन कर. तांदळाचं पीठ, मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. आंबवायचं नाही, वाट बघायची नाही. पीठ ताकाइतकं पातळ हवं, आणि प्रत्येक घावनाआधी पळीने तळापासून ढवळायला हवं, कारण तांदळाचं पीठ खाली बसतं. तसं केलं नाही तर पहिलं घावन पाण्याचं आणि शेवटचं चिखलाचं होतं. बिडाचा तवा चांगला तापू दे, अर्ध्या कांद्याने तेल पुस, कडेकडेने पीठ ओतत मध्यावर ये. चर्र आवाज आला नाही तर तवा थंड आहे. जाळी पडली की झाकण घाल, आणि कडा सुटल्या की काढ. पीठ कालवण्यापासून डबा भरेपर्यंत वीस मिनिटं. सोबत नारळाची चटणी, नाहीतर दूध-गूळ.

बाजाराचं म्हणशील तर तुम्ही वसई तालुक्यात राहून मुंबईच्या भावाने भाजी खाता, याचं मला नवल वाटतं. आपल्या वाड्यांतली भाजी घेऊन वसईवाल्या पहाटेच्या गाडीने मुंबईला जातात, आणि तुम्ही तीच भाजी प्लास्टिकच्या डब्यात बंद होऊन दारात आली की घेता. शनिवारी सकाळी स्टेशनच्या पश्चिमेला उतर. थंडीत पापडी, मुळे, लाल माठ आणि वाळूतली समुद्रमेथी असते. तिच्या जुड्या चिमुकल्या, पण रेती पुष्कळ. मुळं कापून तीन-चार पाण्यांतून काढ, पाणी ओतून द्यायचं नाही, भाजी वरून उचलायची. संध्याकाळी उशिरा गेलास तर काळी पडायला लागलेली केळी स्वस्तात मिळतात. तीही घे, पुढे सांगते कशाला. सुकेळी मात्र स्वस्ताईच्या यादीत धरू नकोस. राजेळी केळी उन्हात वाळवायची मेहनत मोठी आणि ती करणारी घरं कमी झालीत. धाकटीला चॉकलेटऐवजी एक तुकडा दे, बस्स.

सुकी मासळी अर्नाळ्याहून किंवा पाचूबंदरहून घ्यायची ती एप्रिल-मेमध्ये, चांगलं ऊन खाल्लेली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मग ताज्या मासळीचे भाव ऐकवत नाहीत. मूठभर जवळा कोरडा भाजून, कांद्यावर परतून, दोन कोकमं टाकली की पावसाळ्यातल्या रात्रीचा भात पोटभर जातो. खिडक्या उघडून भाज. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर त्याची चर्चा होईल, होऊ दे.

पाहुणे आले की तू बिर्याणी मागवतोस. आगाशीचा भाचा असून? आपलं भुजिंग कर की. इथल्या दुकानांत कोंबडी निखाऱ्यावर भाजून मग पोह्यांत मिसळतात. घरी निखारे नाहीत, पण कढई आहे. कोंबडीचे लहान तुकडे कर, हळद, मीठ, आलं-लसूण आणि हिरवी मिरची लावून तासभर ठेव. थोड्या तेलात झाकून शिजव, मग झाकण काढून आच मोठी कर आणि पाणी पार आटून कडा लालसर होईपर्यंत परत. ते बाजूला काढून त्याच कढईत उभा कांदा, बटाट्याच्या पातळ काचऱ्या आणि घरचा मसाला. शेवटी जाड पोहे, धुऊन निथळलेले. कोंबडी परत घालून पाच मिनिटं वाफ. कढईला लागलेला सगळा मसाला आणि चरबी पोहे पिऊन घेतात, म्हणून अर्धा किलो कोंबडी सहा माणसांना पुरते. तोंडाला चव कोंबडीची, पोटाला आधार पोह्यांचा.

आता ओव्हन. थोरल्याला केक करायचा आहे म्हणून सूनबाई ओव्हन घ्यायचं म्हणते. विजेची भीती घालणार नाही. दीड हजार वॅटचा ओव्हन पाऊण तास चालवला तरी युनिट-सव्वा युनिट. पण तुमच्या ओट्यावर जागा किती आहे? दोन महिन्यांनी त्यावर बिस्किटांचे डबे बसतील. यंदा नको. कोकणात ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासून बायका तवसाळी भाजत आल्या आहेत. जून काकडीचा कीस, भाजलेला रवा, गूळ आणि खोबरं जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, खाली निखारे, झाकणावरही निखारे. खालून-वरून सारखी धग मिळाली, की झालं. तीच सोय जुन्या कुकरात होते.

वाटीभर बारीक रवा, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी किसलेला गूळ, पाव वाटी तेल, चिमूटभर मीठ आणि ती काळी पडलेली केळी कुस्करून घ्यायची. मोठी असतील तर दोन, वेलची असतील तर चार-पाच. गुठळी न ठेवता कालवून अर्धा तास झाकून ठेव. रवा फुगून मिश्रण घट्ट होतं, मग दूध घालून पळीतून सावकाश पडेल इतकं सैल कर. तोवर कुकरात तळाला वाटीभर मीठ पसर, त्यावर जाळी ठेव आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापव. पाणी घालायचं नाही. रबर काढलेलं हवं, शिट्टीही काढलेली हवी. हे थोरल्याला सांगू नकोस, स्वतः बघ. रबर लावून कोरडा कुकर तापवणं धोक्याचं आहे. सगळं तयार झालं की शेवटी अर्धा छोटा चमचा खायचा सोडा मिश्रणात घाल आणि लगेच भांडं आत ठेव. सोडा दह्याला भेटला की बुडबुडे येऊ लागतात, आणि ते भांड्याबाहेर उडून गेले तर केक बसतो. लोक सोडा घालून मग भांड्याला तूप लावत बसतात. तूप आधी लाव. बारीक आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटांनी सुरी टोचून बघ, कोरडी निघाली की गॅस बंद. गुळामुळे रंग काळपट येतो, करपला म्हणून घाबरू नकोस. पूर्ण निवल्याशिवाय उपडा करायचा नाही. मीठ टाकून देऊ नकोस, ते बरणीत भरून पुढच्या केकला वापर. यासाठी एक जुना कुकर वेगळाच ठेव, रोजचा कोरडा तापवून खराब करू नये.

पाव मात्र घरी भाजायच्या भानगडीत पडू नकोस. यीस्ट, मळणं, दोनदा फुगू देणं, आणि एवढं करून बेकरीच्या भट्टीची धग घरी मिळत नाही ती नाहीच. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांतूनसुद्धा नाताळचं केकचं मिश्रण घरी कालवून टिन भाजायला बेकरीत न्यायची रीत होती. ज्याचं काम त्याने करावं. लादी आण, उरलेला पाव दुसऱ्या दिवशी तव्यावर कडक भाज, नाहीतर कुस्करून कांदा-टोमॅटोवर परत.

एखादं पुस्तक हवंच असेल तर १९७० साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' घे. त्यात मापं वाटी-चमच्यांत आहेत, वजनकाटा लागत नाही. सूनबाईला वाचायला देऊ नकोस, तू वाच.

आणि महिन्यातून दोन रात्री खुशाल बाहेरून मागवा. गाड्या बंद पडल्या, पावसात रुळांवर पाणी आलं, कोणी आजारी पडलं, अशा दिवशी स्वयंपाकाचा हट्ट धरणाऱ्या घरात भांडणंच जास्त शिजतात. फक्त त्या रात्रीसुद्धा मूग भिजत घाल, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सोय होते.

सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. मसाल्याची बरणी शेजारच्या मुलाबरोबर पाठवते आहे. मसाला काढायला ओला चमचा घालू नका. मागच्या दोन बरण्या तुमच्याकडेच आहेत, शनिवारी येताना घेऊन ये. माळ्यावरचा जुना कुकर तुला देते, पण त्याचा दांडा ढिला आहे, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर आण.