सीझन संपला म्हणे!

उभे राहा. मागच्या बाकावरचेही. रविवारी नऊ वाजेपर्यंत अंथरुणात का होतात, असं विचारलं तर उत्तर काय देता? 'सर, ट्रेकचा सीझन संपला.' कुणी संपवला?

पावसाच्या तोंडावर काजवे बघायला भंडारदऱ्याला धावलात. श्रावणात कळसूबाईच्या शिड्यांवर रांगा लावल्यात, १६४६ मीटरवर ढगात उभे राहून फोटो काढलेत. वरून काय दिसलं, ते एकालाही सांगता आलं नाही. आता दिवाळी उलटली, हवा निवळली, तिथून अलंग, मदन, कुलंग हे गड लख्ख दिसतात, आणि तुमचे बूट माळ्यावर!

सीझन शिकाऱ्याला असतो. अमेरिकेत हरणाच्या शिकारीची मुदत सरकार ठरवून देतं. ती संपली की तिथले जाणते शिकारी बंदूक ठेवून देतात, पण रान सोडत नाहीत. हरणांनी गाळलेली शिंगं शोधत, खुरांचे माग काढत ऐन थंडीत चालत राहतात. तुम्ही बंदूक कधी धरली नाहीत, धरायचीही नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो सीझन कायमचा मिटवला. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. मारलं तर किमान तीन वर्षं तुरुंग. रानात शिंग पडलेलं दिसलं तरी उचलायचं नाही, समजलं? डोळे भरून बघायला मात्र बारा महिने मोकळीक आहे.

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. एकही नाही! आपल्याच नगर जिल्ह्यात १९८० पासून काळविटांचं अभयारण्य आहे. अवघं २.१७ चौरस किलोमीटर. थंडीत गवत पिवळं पडतं आणि काळ्या पाठीचा, पिळाच्या शिंगांचा नर त्यात लांबूनही उठून दिसतो. उत्तरेकडून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. पावसाळी गर्दीत हे कुठलं दिसायला?

गाडीभाड्याला पैसे नाहीत, कबूल. मग मांजरसुंब्याचा गड? डोंगरगण? पिंपळगाव माळवीचा तलाव? नागापुरातून सायकलनं जाता येतं. शहा डोंगरावरच्या चांदबीबीच्या महालापुढे सेल्फी घेतलेत. ती सलाबतखानाची कबर आहे, हे ठाऊक असलेला या वर्गात कुणी नाही.

तुमच्यातले काही जण पोलीस भरतीची भाषा करतात. तारीख लागल्यावर पंधरा दिवस पळून १६०० मीटर निघत नाहीत रे! छाती आणि पाय आत्ता तयार होतात, या थंडीत.

आणि मला खरा राग कशाचा येतो, तेही ऐका. तुमचे वडील एमआयडीसीत रात्रभर मशीनपुढे उभे राहून सकाळी घरी येतात. कित्येकांना रविवारीही ओव्हरटाइम. मोकळी सकाळ त्या घरात फक्त तुमच्या वाट्याला येते, आणि ती तुम्ही पांघरुणात मोबाइल बघत घालवता. त्यांच्याकडे बघायला लाज कशी वाटत नाही तुम्हाला?

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला सीना नदीच्या पुलावर. सायकलीची हवा शनिवारीच भरून ठेवा. स्वेटर, पाण्याची बाटली, भाकरी. ज्याच्याकडे सायकल नाही त्यानं आजच सांगा, मी बघतो. मुलींनो, तुम्हीही, घरी मी बोलेन. मांजरसुंब्याला जायचंय. बसा खाली.