बाजेचे चार कोपरे

(शास्त्रभाग : मार्क २:१-१२)



कफर्णहूमातील त्या घरी एका पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले. दारात गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उसकटून त्याची बाज प्रभूसमोर सोडली. त्या चौघांची नावे मार्काने दिलेली नाहीत. मात्र, प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, हे त्याने आवर्जून नोंदले आहे.

आज आपल्या शहरांतील झोपडपट्ट्यांत हेच काम आरोग्य स्वयंसेविका करीत आहेत. बाळंतिणीच्या घरी त्या दिवस मोजून जातात : तिसरा, सातवा, चौदावा, थेट बेचाळिसाव्यापर्यंत. क्षयाचे औषध सहा महिने चालते. खोकला थांबताच रोगी गोळ्या सोडू पाहतो, तेव्हा त्याची समजूत त्याच घालतात. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. त्यानंतर त्या अरुंद गल्ल्यांतून दारोदार ताप तपासत फिरणाऱ्यांत या भगिनी होत्या.

या सेवेचे एक मूळ आपल्याच घरात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला कार्य आरंभिले आणि खेड्यातील निरक्षर स्त्रियांना शिकवून गावाचे आरोग्य त्यांच्या हाती सोपविले.

परंतु एक गोष्ट मनाला बोचते. २००५ साली देशात 'आशा' योजना आली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. तरीही तिला 'स्वयंसेविका' म्हणावयाचे, आणि म्हणून वेतन नव्हे, मानधन द्यावयाचे! आपणही तिच्या त्यागाची स्तुती करून मोकळे होतो. ज्या प्रभूने सेवा शिकविली, त्यानेच कामकऱ्याचा मजुरीवरील हक्क सांगितला (लूक १०:७). अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो, असे याकोब बजावतो (५:४). दुसऱ्याच्या त्यागाचे ऋण स्तुतीने फिटत नाही.

बाजेला चार कोपरे असतात. एक तिने धरला आहे. तिच्या न्याय्य मागणीला साथ देणे, हा दुसरा. मंदिराचे सभागृह लसीकरणासाठी उघडणे, हा तिसरा. ती दारी आली असता तिला आत बोलावून तिचे म्हणणे ऐकणे, हा चौथा.

आणखी एक लक्षात घ्या. कफर्णहूमात दार अडवून उभे असलेले लोक दुष्ट नव्हते; ते वचन ऐकावयास आलेले होते. आपणही वचन ऐकणारे आहोत. बाज येत आहे. आपण दारातून बाजूला होऊन तिला हात लावणार काय? प्रभू आपल्याला तशी बुद्धी देवो. आमेन.