हुकूम संपल्यावर

१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला आपल्या देशात सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी कचेऱ्यांतून छोटे ध्वज वाटले जातात. आपण पेटीत काही रुपये टाकतो, ध्वज खिशाला टाचतो, आणि संध्याकाळी सदरा काढून ठेवताना तोही काढून ठेवतो. या प्रथेत गैर असे काहीच नाही. त्या पैशातून युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांना, अपंग झालेल्यांना, वृद्ध माजी सैनिकांना साहाय्य मिळते. मात्र या प्रथेमुळे आपल्या मनात एक सोयीस्कर समजूत रुजली आहे. सैनिकाने दिले, आपण ऋणी झालो, वर्षातून एकदा हप्ता भरला; व्यवहार तेथे पुरा झाला.

हा हिशेब एका गोष्टीने बिघडतो. सेवा संपवून घरी आलेला सैनिक आपली कृतज्ञता स्वीकारीत स्वस्थ बसून राहत नाही. आपल्या सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे साठ हजार माणसे निवृत्त होतात, आणि त्यांतील बहुतेक जवान पस्तीस ते पंचेचाळीस या वयाचे, म्हणजे धडधाकट असतात. राजधानीच्या परिसरात तर त्यांच्या वसाहतीच्या वसाहती आहेत. यमुनेपलीकडे नोएडात अरुण विहार आणि जलवायु विहार या निवृत्त सैनिकांच्या मोठ्या वसाहती वसल्या, आणि सेक्टर २९ मध्ये २००२ साली त्या जिल्ह्यातील हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. अशा वस्त्यांतून माजी सैनिकांची मंडळे काम करतात. रक्तदान, वृक्षारोपण, शाळांतून व्याख्याने, पहाटे रस्त्यावर धावून भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मार्गदर्शन, अशी ही कामे असतात. म्हणजे ज्याला आपण ऋणको होऊन वर्षातून एकदा वंदन करतो, तो उरलेले दिवस आपल्याच मुलांचा शिक्षक होऊ पाहतो. अशा वेळी एक प्रश्न विचारणे भाग आहे, आणि तो विचारण्यात अनादर नाही. सैनिकाला समाजाला शिकवण्याचा अधिकार कशामुळे प्राप्त होतो? आणि त्याने नेमके काय शिकवावे?

सर्वांच्या ओठांवर असलेले उत्तर म्हणजे ‘शिस्त’. तरुण पिढी बेशिस्त झाली आहे, तिला पलटणीतल्या माणसाच्या हाती दोन वर्षे द्यावी, म्हणजे ती सरळ होईल, असे पालक बोलतात, शिक्षक बोलतात, आणि बसच्या रांगेत पुढे घुसणारे गृहस्थही बोलतात. परंतु या एका शब्दात दोन निरनिराळ्या वस्तू बांधल्या गेल्या आहेत. एक शिस्त म्हणजे दुसऱ्याने सांगितलेले विनातक्रार करणे. दुसरी म्हणजे कोणी सांगणारा नसतानाही आपले काम सोडून न देणे. सैन्यात या दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात. सैन्यातील हुकुमामागे १९५० चा सेना कायदा उभा असतो. तो न पाळणाऱ्याला शिक्षा होते, आणि रणांगणावर तसे असणे आवश्यकही आहे. पण त्या कायद्याची सत्ता छावणीच्या फाटकाशी संपते. निवृत्त सैनिक फाटकाबाहेर पडतो तेव्हा पहिली शिस्त त्याच्या हातून गळून पडते. दुसरी त्याच्याजवळ किती उरली आहे, हे त्यानंतरच कळते.

सक्तीने शिस्त रुजते का, याचा एक प्रयोग आपण राष्ट्रीय पातळीवर करून पाहिला आहे. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणाचा धक्का बसल्यावर १९६३ मध्ये ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली, आणि अवघ्या पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, पुन्हा ऐच्छिक झाली. गणवेश आणि कवायत सर्वांवर लादता येते. ती करण्याची इच्छा मात्र लादता येत नाही. आजही छात्रसेनेत मुले मोठ्या उत्साहाने जातात, कारण ती स्वतःहून गेलेली असतात.

केंद्र सरकारच्या गट ‘क’च्या सरळ भरतीत माजी सैनिकांसाठी दहा टक्के जागा राखीव असतात. त्यामुळे माझ्यासारख्या कारकुनाच्या शेजारच्या टेबलावर एखादे माजी हवालदार बसलेले असणे ही दिल्लीच्या कचेऱ्यांतील नित्याची गोष्ट आहे. आमच्या विभागातील हवालदारसाहेब साताऱ्याकडचे आहेत. नव्या नोकरीबद्दल ते एकदा म्हणाले, “पलटणीत हुकूम दिला की काम व्हायचं. इथं हुकूम दिला की काम अडतं.” पहिल्या वर्षी त्यांनी पुष्कळ हुकूम दिले, आणि पुष्कळ कामे अडली. पुढे त्यांनी निराळाच मार्ग धरला. दहा वाजता ते टेबलाशी हजर असत, आलेला कागद त्याच दिवशी पुढे जाई, आणि पेन्शनच्या चौकशीसाठी आलेल्या म्हाताऱ्या बाईला ते आधी खुर्ची देत. या गोष्टी करा असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. तीन वर्षांनी आमच्या विभागात आलेल्या माणसाला खुर्ची देण्याची चाल पडली. ही चाल पाडण्याचे श्रेय कोणाचे, हे विभागात कोणी बोलून दाखवीत नाही. पण ती चालू आहे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर राळेगणसिद्धीकडे वळावे लागेल. अण्णा हजारे १९६० मध्ये सैन्यात दाखल झाले, वाहनचालक होते, १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात मृत्यूच्या दाढेतून वाचले, आणि १९७५ साली निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातील आपल्या दुष्काळी गावी परतले. पुढे त्या गावात जे घडले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. मोडकळीस आलेल्या यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, तरुणांचे मंडळ, नालाबांध, पाणलोटाची कामे, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. विहिरींना पाणी आले आणि पोट भरण्यासाठी बाहेर गेलेली माणसे गावात टिकू लागली. एकट्या निवृत्त सैनिकाने, हाती कोणतेही पद नसताना, एवढे उभे करून दाखवावे ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु त्याच कथेत एक प्रकरण असे आहे की ते वगळून पुढे जाता येत नाही. दारू सोडण्याविषयी वारंवार बजावूनही न ऐकणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्यात आले. खुद्द अण्णांनी ही गोष्ट लपविलेली नाही. आजारी मुलाला कडू औषध पाजणाऱ्या आईची उपमा देऊन त्यांनी तिचे समर्थनच केले. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समर्थन चटकन पटते. नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बाईला खांबाला बांधलेल्या माणसाची दया यावी, अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी?

तरीही उपमेपाशी थोडे थांबले पाहिजे. आईचा अधिकार मुलाच्या लहानपणावर उभा असतो. प्रौढ माणसाला मूल ठरविल्याशिवाय ही उपमा लागू पडत नाही, आणि एकदा कोणाला मूल ठरविण्याचा हक्क आपण मान्य केला की तो हक्क पुढे कोणाच्या हाती जाईल याचा नेम राहत नाही. फाटकाशी संपलेला हुकूम येथे गावात पुन्हा सुरू होतो. फरक इतकाच की छावणीत त्याला कायद्याचे बंधन होते, अपिलाची सोय होती, आणि गावात त्यांपैकी काहीच नव्हते. राळेगणात जे टिकले ते बांध आणि ग्रामसभा यांमुळे टिकले, खांबामुळे नव्हे, असे मला वाटते. मारामुळे भीती बसली असेल. पण उन्हात पाटी उचलून बांध घालायला माणसे भीतीने वर्षानुवर्षे येत नाहीत.

माजी सैनिकांच्या सामुदायिक कार्याचे याहून जुने आणि माझ्या मते अधिक थोर उदाहरण आपल्या कोकणात घडले आहे, आणि ते आपण जवळजवळ विसरून गेलो आहो. महाडजवळच्या गावचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले व दापोलीला राहू लागले. दापोली म्हणजे त्या काळी लष्करी पेन्शनरांची वस्ती, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तेथेच होते. वलंगकर महार जातीचे. सैन्यात त्यांना अक्षरओळख मिळाली होती, पगार मिळाला होता, हुद्दा मिळाला होता. फाटकाबाहेर पडताच गावाने त्यांना पुन्हा विटाळाच्या वेशीबाहेर उभे केले. त्यांच्या अंगी लढाईचे शिक्षण होते, आणि संतापाला कारण तर पुरेपूर होते. त्यांनी काय केले? १८८८ साली त्यांनी विटाळाच्या कल्पनेबद्दल उच्चवर्णीयांना प्रश्न विचारणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पेन्शनरांच्या वस्तीत अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली. सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा १८९४ साली मंडळीच्या नावाने अर्ज तयार केला. पुढच्याच वर्षी महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांनी कांगावा केला, तरी त्यांनी आपले काम सोडले नाही.

येथे दुसऱ्या प्रकारची शिस्त आपल्या शुद्ध रूपात दिसते. जो समाज ऐकून घेण्यास तयार नाही त्याला हुकूम देता येत नाही; त्याला प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर आले नाही तरी पुन्हा विचारावा लागतो. सैन्याने वलंगकरांना जो धीर दिला तो त्यांनी प्रश्न विचारण्यासाठी खर्च केला. ते १९०० साली वारले; त्यांच्या प्रश्नांची उत्तरे त्यांना हयातीत मिळाली नाहीत. पण त्या पेन्शनरांच्या घरांतून शिकलेली पुढची पिढी त्याच प्रश्नांपासून पुढे निघाली.

राजधानीच्या दक्षिणेस, अरवलीच्या टोकाला, भाटी खाणींचा प्रदेश आहे. दिल्लीच्या इमारतींना लागणारी तांबूस ‘बदरपूर’ वाळू तेथून इतकी उपसली गेली की खोल खड्ड्यांचे उजाड रान उरले. २००० साली तेथे प्रादेशिक सेनेची १३२ वी पर्यावरण पलटण उभारण्यात आली. अशा पलटणींत मुख्यतः माजी सैनिकांचीच भरती असते. ही पलटण आहे, तेव्हा तेथे हुकूम आहेच. परंतु हुकूम रोप लावणाऱ्यापर्यंतच पोचतो, रोपापर्यंत पोचत नाही. खडकाळ जमिनीत खड्डा घेणे, पाणी आणून घालणे, जनावरांपासून राखणे, मेले तर त्याच खड्ड्यात दुसरे लावणे, हे सारे ऋतूंच्या गतीने करावे लागते. दिल्लीच्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून इंग्रजांनी ‘विलायती कीकर’, म्हणजे आपली वेडी बाभूळ, आणली होती. हिरवळ लवकर आली खरी. पण त्या झाडाने देशी झाडांना आपल्या आसपास वाढू दिले नाही, आणि आज तीच बाभूळ हटविण्याचे प्रयत्न चालू आहेत. तरुणांना झटपट सरळ करू पाहणाऱ्यांनी ही दोन्ही राने एकदा पाहून यावीत.

यावर आक्षेप येईल की संकटात असे समजावीत बसायला वेळ कोठे असतो? जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली, रस्ते आणि वस्त्या पाण्याखाली आल्या. अशा वेळी कोणी तरी ठाम आवाजात सांगावे आणि इतरांनी तत्काळ ऐकावे लागते. आक्षेप खरा आहे. पण संकटात परक्याचे कोण ऐकतो? ज्याला वस्तीने आधी रोज पाहिले आहे, जो आधी कधीही उगीच ओरडला नाही, त्याचा आवाज लोक ऐकतात. पुराच्या दिवशी चालणारा हुकूम कोरड्या दिवसांत मिळविलेला असतो.

हा प्रश्न आता वृद्धांपुरता राहिलेला नाही. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्या तरुणाची सेवा चार वर्षांची असते, आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा तरुणांनाच पुढे कायम ठेवले जाते. म्हणजे ‘सैन्यातून परतलेला’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी पिकल्या मिशांची मूर्ती बदलणार. बावीस-पंचवीस वर्षांची, हातात कसब आणि मनात अस्वस्थता असलेली मुले मोठ्या संख्येने आपल्या गल्ल्यांत परत येतील. त्यांचे पुढे काय व्हायचे ते सरकारी तरतुदींवर अवलंबून आहे, तसेच शेजारच्या माणसांवरही आहे. त्यांना केवळ पहारेकऱ्याची नोकरी आणि वर्षातून एकदा टाळ्या देऊन आपण मोकळे झालो, तर उरलेल्या आयुष्यात त्यांनी हुकुमाची वाट पाहत बसावे किंवा स्वतःच हुकूम सोडू लागावे, याखेरीज तिसरा मार्ग त्यांना दिसणार नाही.

तिसरा मार्ग दाखवू शकतील अशी माणसे आज आपल्या वस्त्यांत आहेत, आणि माजी सैनिकांच्या मंडळांचे खरे कार्य मला येथे दिसते. मुलांसमोर बोलायला उभे राहिल्यावर त्यांनी पराक्रमाची गोष्ट अवश्य सांगावी. पण थंडी, भीती, न आलेली पत्रे, परत न आलेला मित्र आणि घरी परतल्यावर कोणी हुकूम देईना तेव्हा वाटलेले ओकेपण, हेही सांगावे. आणि आपण श्रोत्यांनी त्यांना हार घालून लगेच निरोप देऊ नये. प्रश्न विचारावेत, त्यांच्या श्रमदानात कुदळ धरावी, प्रसंगी त्यांच्याशी वादही घालावा. वलंगकरांना गावाने तेवढासुद्धा मान दिला नव्हता. सैनिकाला देवघरात बसविणे सोपे आहे. त्याला शेजारी म्हणून वागविणे अवघड आहे, आणि त्याने मागितले तर तेवढेच मागितले आहे.